बीटी कापसावरचा प्रकल्प आणि बाजू घेणारी संकेतस्थळं: काय घ्यावं, काय तपासावं

प्रकल्पवही

बारावीचा पर्यावरण प्रकल्प असो, कृषी पदवीचा सेमिनार असो की अर्थशास्त्राचा लघुप्रबंध, विषय बीटी कापूस (बोंडअळीला मारक ठरणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस) असला की संदर्भसूचीत ठरावीक संकेतस्थळं येतातच. एकीकडे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांचा पुरस्कार करणारी आयएसएएए ही संस्था आणि बियाणे उद्योगाच्या संघटना, दुसरीकडे त्यांना विरोध करणाऱ्या नवधान्य, जीएम वॉच आणि जीएममुक्त भारताची मागणी करणाऱ्या आघाड्या. विद्यार्थी बहुतेक वेळा दोनपैकी एक वाट धरतात. एक तर ‘संस्था पक्षपाती’ म्हणून तिचं सगळंच बाद करतात. नाहीतर दोन्हीकडचा एकेक परिच्छेद उचलून ‘याबाबत मतमतांतरे आहेत’ असं लिहून मोकळे होतात. दोन्हींत अभ्यास होत नाही.

संस्था कुठल्या बाजूची आहे हा एक प्रश्न आणि तिचं अमुक विधान खरं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर संस्थेच्या संकेतस्थळाबाहेर मिळतं, दुसऱ्याचं त्या विधानातल्या आकड्याच्या मुळाशी. बाजू घेणारी संस्था खरं बोलू शकते, आणि तटस्थ दिसणारी संस्था चुकीचा आकडा वर्षानुवर्षं पुढे ढकलू शकते. दोन्ही प्रश्न मुलांकडून प्रत्यक्ष कसे सोडवून घ्यायचे, यावर या मंचावरच्या जाणकारांनी लिहावं. बीटीचंच उदाहरण ठेवूया, म्हणजे चर्चा हवेत जाणार नाही.

तळटीप

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. विद्यार्थी संकेतस्थळ उघडतात, ‘आमच्याविषयी’ वाचतात, मांडणी नीटनेटकी आहे का, तळटिपा आहेत का, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ओआरजी’ आहे का हे बघतात आणि निकाल देतात. यातली एकही गोष्ट विश्वासार्हता सांगत नाही. ‘डॉट ओआरजी’ कोणीही विकत घेऊ शकतो. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एसी डॉट इन’ मिळवायला पात्रता लागते, पण त्यावरूनही पत्ता कोणाचा एवढंच कळतं. मजकूर बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ साली मांडलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी इतिहासात पीएच.डी. केलेले १० जण, व्यावसायिक तथ्यतपासनीस १० आणि स्टॅनफर्डचे पदवीचे २५ विद्यार्थी घेतले. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं तुलनेसाठी दिली. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरी २००२ साली तिच्याशी मतभेद होऊन निघालेला छोटा गट. दोघांची नावं सारखी वाटणारी, दोन्ही संकेतस्थळं गंभीर दिसणारी. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पानं वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि फसले. तथ्यतपासनीस काही क्षणांत त्या पानावरून उठले, नव्या टॅबमध्ये संघटनेचं नाव टाकून इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं आणि मगच परत आले.

हे मुलांकडून असं करून घ्या. नवीन टॅब उघडायचा, संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकायचं आणि पुढे वजाचं चिन्ह, इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ (site) ही आज्ञा, अपूर्णविराम आणि संस्थेचा पत्ता लिहायचा, मध्ये जागा न सोडता. त्यामुळे संस्थेचं स्वतःचं पान निकालातून गळतं. पहिल्याच निकालावर टिचकी मारायची नाही. आधी निकालांची पहिली दोन पानं नुसती नजरेखालून घालायची: वर्तमानपत्रं, विद्यापीठं, न्यायालयाचे आदेश, संसदीय समित्या, विरोधक. विकिपीडिया उघडलाच तर मजकुरापेक्षा तळाचे संदर्भ आणि चर्चेचं पान बघायचं. याला १० मिनिटं पुरतात. त्यानंतर ‘आमच्याविषयी’ वाचलं तर त्यात काय गाळलंय तेही दिसतं.

धर्मादाय_नोंद

तळटीप यांच्या मुद्द्याला जोडून पैशाचं बघू. भारतीय संस्था असेल तर ती न्यास आहे, सोसायटी आहे की कलम ८ खालची कंपनी, हे आधी ठरवा. कारण कागद वेगवेगळ्या दारी असतात. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे, कंपनी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’वर नोंदणी क्रमांक, पदाधिकारी आणि कामाचं क्षेत्र मिळतं. मात्र ती माहिती संस्थेनेच भरलेली असते, हे विद्यार्थ्याने लिहून ठेवावं.

परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर पूर्वी संस्थांची वार्षिक विवरणपत्रं सर्रास बघता यायची. जुलै २०२२ मध्ये त्यातला बराच भाग काढून टाकला गेला. म्हणून जुन्या लेखातल्या सूचना पाळून मुलं तिथे गेली की ‘माहिती नाही’ असं लिहून येतात. अशा वेळी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लेखापरीक्षित विवरण शोधायचं. आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत ते जाहीर करणं अपेक्षित असतं.

अमेरिकेत नोंदलेल्या ना-नफा संस्थेचा ‘फॉर्म ९९०’, म्हणजे वार्षिक करविवरण, सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर तो फुकट वाचता येतो. त्यात उत्पन्न, खर्च, वरिष्ठांचे पगार, दिलेली अनुदानं सगळं असतं. देणगीदारांची नावं मात्र बहुतेक वेळा झाकलेली असतात. ती संस्थेच्या वार्षिक अहवालात शोधावी लागतात.

आयएसएएएच्या बाबतीत फार खोदावंही लागत नाही. त्यांनीच वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या देणगीदारांच्या यादीत सरकारी संस्था आणि प्रतिष्ठानांबरोबर जैवतंत्रज्ञान कंपन्यांची नावं आहेत. तोच निकष पलीकडेही लावायचा. नवधान्य ही वंदना शिवांनी उभी केलेली संस्था देशी बियाण्यांच्या बँका चालवते आणि सेंद्रिय मालही विकते. हितसंबंध दोन्हीकडे आहेत. ते नोंदवायचे आणि पुढे जायचं. हितसंबंध दाखवला म्हणजे दावा खोडला, असं होत नाही.

रानवाट

एक भर. जीएमच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण कंपनीचा, असं धरून मुलं फार मोठी चूक करतात. शेतकरी संघटनेची तंत्रज्ञान स्वातंत्र्याची भूमिका शरद जोशींच्या काळापासूनची आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरून तिने सविनय कायदेभंग केला. ही शेतकऱ्यांची संघटना आहे. तिच्या भूमिकेची चिकित्सा करा, पण तिला उद्योगाच्या रकान्यात टाकू नका.

आकडेमोड

आता दुसरा प्रश्न. बीटीवरच्या बहुतेक सगळ्या पानांवर एक वाक्य सापडतं: ‘बीटी आल्यावर कापसाची उत्पादकता दुप्पट झाली.’ हे वाक्य मुळापर्यंत कसं न्यायचं ते सविस्तर लिहितो, कारण एवढं एक जमलं की बाकीचं आपोआप जमतं.

उत्पादकता म्हणजे हेक्टरी किती किलो रुई, सरकीसकट कापूस नव्हे. इथेच पहिली गफलत होते. शेतकरी क्विंटलमध्ये सांगतो तो सरकीसकट कापूस. त्यातून रुई साधारण एक तृतीयांश निघते. एका लेखातला एकरी क्विंटल आणि दुसऱ्यातली हेक्टरी किलो रुई शेजारी ठेवली की तुलना कोसळते.

दुसरी गफलत आकड्यांच्या मालिकेची. बीटीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी देशात कापसाच्या दोन सरकारी मालिका आहेत, एक कापूस सल्लागार मंडळाची आणि दुसरी कृषी मंत्रालयाची. २००२-०३ या एकाच हंगामासाठी मंडळ १३६ लाख गाठी आणि हेक्टरी ३०२ किलो सांगतं, मंत्रालय ८६ लाख गाठी आणि १९१ किलो. गाठ दोन्हीकडे १७० किलोचीच आहे. फरक उत्पादनाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत आहे. २००७-०८ साठी मंडळाचा आकडा ५५४, मंत्रालयाचा ४६७. आता कोणी सुरुवात मंत्रालयाच्या १९१ पासून केली आणि शेवट मंडळाच्या ५५४ वर केला, तर वाढ जवळजवळ तिप्पट दिसते. दोन्ही आकडे सरकारी, दोन्हींना तळटीप, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. विद्यार्थ्याने आरंभ आणि शेवट एकाच मालिकेतून घेतलाय का, हे सगळ्यात आधी बघावं.

तिसरी गोष्ट आरंभवर्षाची. २००२-०३ हे देशभर दुष्काळाचं वर्ष होतं. तिथून मोजलं की पुढचं काहीही चांगलंच दिसणार. निदान तीन वर्षांची सरासरी घ्या. मंडळाच्या मालिकेत २०००-०१ ते २००२-०३ हे आकडे २७८, ३०८ आणि ३०२ आहेत, सरासरी २९६.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: वाढ नेमकी कधी झाली? त्याच मालिकेत २००४-०५ ला उत्पादकता ४७० वर पोचली होती. त्या हंगामात अधिकृत बीटीखालचं क्षेत्र सहा टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे बीटी नव्वद टक्क्यांवर गेलं, तेव्हा २०११-१२ ला आकडा ५१२ होता. ‘दुप्पट’ हा शब्द दोन टोकं दाखवतो, मधली चढण दाखवत नाही. मुलांना प्रत्येक वर्षाचे दोन रकाने करायला लावा, उत्पादकता आणि बीटीखालचं क्षेत्र, आणि दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढून घ्या.

रानवाट

आकडेमोड, ‘सहा टक्के’ हा आकडासुद्धा तपासायला हवा. तो मंजूर बियाण्याचा आहे. गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ हे बिनपरवानगीचं बीटी बियाणं २००१ सालीच शेतात सापडलं होतं, म्हणजे मार्च २००२ च्या अधिकृत मंजुरीच्या आधी. पुढची काही वर्षं त्याचे वंशज मोठ्या प्रमाणावर पेरले गेले आणि ते सरकारी टक्केवारीत येत नाहीत. त्यामुळे २००४-०५ ची वाढ बीटीशिवाय झाली, असं विरोधी बाजूच्या पानावर वाचलं तर तेही तसंच्या तसं घेऊ नये.

आकडेमोड

बरोबर आहे, आणि ही सुधारणा विद्यार्थ्याच्या तळटिपेत यायलाच हवी. तरी सगळी वाढ त्या बियाण्याने झाली, असंही म्हणता येत नाही. त्याच काळात खतांचा वापर वाढला, गुजरातमध्ये सिंचन वाढलं, नवी कीटकनाशकं आली, पाऊसमानही बरं होतं. कारणं एकात एक गुंतलेली असताना ‘बीटीमुळे’ हा शब्द वापरणाऱ्याने वेगळं काढून दाखवायची जबाबदारी घ्यावी लागते. शिवाय राष्ट्रीय सरासरी यवतमाळला लावता येत नाही. महाराष्ट्रातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे आणि त्याची उत्पादकता गुजरातच्या बरीच खाली राहिली आहे.

सांख्यिकी_वाचक

आत्महत्यांच्या आकड्याबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. विरोधी बाजूच्या अनेक पानांवर ‘बीटी कापसामुळे अडीच लाख शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ अशा अर्थाचा मजकूर फिरतो. विषय इतका वेदनेचा आहे की विद्यार्थ्याला प्रश्न विचारणंच असभ्य वाटतं. पण त्या कुटुंबांच्या दुःखाचा मान राखायचा तर आकडा नीट वापरलाच पाहिजे.

अडीच लाखांवरचा हा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या १९९५ ते २०१० च्या अहवालांची बेरीज आहे. आकडा खरा आहे. पण तो देशभरातल्या, सगळ्या पिकांच्या शेतकऱ्यांचा आहे, आणि मोजणीची सुरुवात बीटीच्या मंजुरीच्या सात वर्षं आधीपासूनची आहे. १९९८ सालच्या आत्महत्येचं कारण २००२ साली मंजूर झालेलं बियाणं असू शकत नाही. म्हणजे खरा आकडा चुकीच्या कारणाला बांधलाय. नेमका हाच प्रकार मुलांना ओळखता येत नाही, कारण ती आकडा पडताळतात, तो बरोबर निघतो आणि तपास तिथेच थांबतो.

याच अहवालांमधला दुसरा खड्डा २०१४ चा. २०१३ मध्ये शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या ११,७७२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या ५,६५०. निम्म्याने घट झाली, असं सांगणारी पानं आहेत. प्रत्यक्षात त्या वर्षी वर्गीकरण बदललं आणि शेतमजुरांचा रकाना वेगळा झाला, त्यात ६,७१० नोंदी आहेत. दोन्ही मिळून १२,३६०. अहवालाच्या सुरुवातीचं व्याख्यांचं प्रकरण वाचल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नका.

महाराष्ट्रात आणखी एक वेगळी मोजणीही आहे, महसूल विभागाची. तिच्यात प्रकरणं एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागली जातात. बातमीत कधी एकूण प्रकरणं छापतात, कधी फक्त पात्र. अमरावती विभागाचा आकडा घेताना यातला कोणता, हे लिहिलं नसेल तर तो वापरू नये.

नवा_सदस्य_४१

मग ही संकेतस्थळं संदर्भ म्हणून द्यायचीच नाहीत का? आमच्या मार्गदर्शकांनी सरसकट बंदी घातली आहे.

तळटीप

बंदीची गरज नाही. तीन कामांसाठी ती निर्धास्त वापरा. संस्थेची भूमिका काय आहे हे सांगायला तिचं स्वतःचं पान हाच प्राथमिक पुरावा असतो. मूळ कागदांचा माग काढायलाही ती उत्तम असतात: न्यायालयीन याचिका, समित्यांचे अहवाल, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं अशा संस्थांनी जपून ठेवलेली असतात. विरोधकांच्या मांडणीतली चूक सगळ्यात चिकाटीने तीच शोधतात. चौथं काम, म्हणजे वस्तुस्थितीचा आकडा थेट त्यांच्या पानावरून देणं, टाळा. आकडा हवा तर मूळ अहवाल उघडा, पान क्रमांक लिहा आणि संदर्भ मूळ अहवालाचा द्या. मूळ न उघडता त्याचा संदर्भ द्यायचा नाही, हे मात्र ठामपणे सांगा.

बोंडअळी_निरीक्षक

पानावर काय आहे यापेक्षा काय नाही, ते तपासायची एक सोपी पद्धत. तळटीप यांनी वर सांगितलेली आज्ञाच वजाच्या चिन्हाशिवाय वापरा, म्हणजे शोध त्या संस्थेच्या पानांपुरताच होतो. मग त्या बाजूला अडचणीचा शब्द टाका.

जीएमच्या बाजूच्या संकेतस्थळावर इंग्रजीत शेंदरी बोंडअळी आणि प्रतिकारशक्ती हे शब्द टाका. किती पानं मिळतात, कोणत्या वर्षांची, आणि दोष कुणावर टाकलाय ते बघा. विदर्भात २०१७ च्या हंगामात या अळीने बोलगार्ड-२ या दोन बीटी जनुकांच्या सुधारित कापसावरही केवढं नुकसान केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. २०१७ नंतरच्या पानावरही फक्त २००८ पर्यंतचेच फायदे मोजलेले दिसले, तर त्याची नोंद करा.

विरोधी बाजूच्या संकेतस्थळावर हिरवी बोंडअळी टाका, म्हणजे अमेरिकन बोंडअळी. नव्वदच्या दशकात हिच्यासाठी फवारण्यांवर फवारण्या व्हायच्या आणि बीटीच्या पहिल्या वर्षांत त्या उतरल्या. हे कुठेच सापडलं नाही, तर तीही गाळणीच.

उलट दिशेने एक खूण सांगतो. स्वतःच्या हिताविरुद्ध जाणारं विधान जास्त वजनाचं धरावं. गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी बोलगार्ड-१ (एकाच बीटी जनुकाचा पहिला प्रकार) मधल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे मार्च २०१० मध्ये बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या मॉन्सॅंटो कंपनीने स्वतःच जाहीर केलं. कंपनीच्या पानावरचा म्हणून हा पुरावा फेकून देणं वेडेपणाचं ठरेल.

धर्मादाय_नोंद

वर्तमानपत्रातून आलेलं म्हणजे स्वतंत्र, हा समजही मोडायला हवा. यवतमाळमधल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांना बीटीने कसं तारलं, अशा आशयाचं पूर्ण पान एका मोठ्या इंग्रजी दैनिकात ऑक्टोबर २००८ मध्ये बातमी म्हणून आलं. ऑगस्ट २०११ मध्ये तेच पान जाहिरात म्हणून पुन्हा छापलं गेलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये हे पुढे आणलं. २००८ च्या पानातच बारीक अक्षरांत एक ओळ होती: यवतमाळची भेट माहिको मॉन्सॅंटो बायोटेकने आयोजित केली होती. संस्थेच्या ‘प्रसारमाध्यमांत आम्ही’ या पानावर कात्रण दिसलं की मूळ अंक शोधायचा, पानाच्या कडेला ‘जाहिरात’ किंवा तत्सम शब्द आहे का बघायचं आणि शेवटची ओळ वाचायची.

आकडेमोड

शोधनिबंधांबद्दल थोडंसं. दोन्ही बाजूंकडे समीक्षित निबंध असतात, त्यामुळे ‘जर्नलमध्ये आलंय’ एवढ्यावर वाद मिटत नाही. काथागे आणि काईम यांचा २०१२ चा निबंध एकरी २४ टक्के जास्त उत्पादन आणि ५० टक्के जास्त नफा सांगतो. क्रांती आणि स्टोन यांचा २०२० चा निबंध दीर्घकालीन फायदा टिकला नाही, असं सांगतो. विद्यार्थ्यांना हा विरोध वाटतो. पद्धतीचा भाग वाचला की दिसतं की पहिला चार राज्यांतल्या ठरावीक कुटुंबांच्या २००२ ते २००८ च्या पाहण्यांवर आहे, महाराष्ट्र त्यात आहे. दुसरा राज्यवार आकड्यांच्या जवळपास दोन दशकांवर आहे. पहिला २००८ ला थांबतो, शेंदरी बोंडअळीचा फटका त्यानंतरचा. बाजू घेणारं संकेतस्थळ यातला एकच दाखवतं आणि काळ लिहीत नाही. निबंध उद्धृत करताना पाहणीची वर्षं वाक्यातच घाला: ‘२००२ ते २००८ या काळात, चार राज्यांत’. एवढ्याने निम्मे गैरसमज टळतात.

प्रकल्पवही

बरंच हाती लागलं. गुणदानासाठी असं ठरवतोय: प्रत्येक संकेतस्थळामागे पाऊण पानाची नोंद. त्यात संस्था कोण, पैसा कुठला, बाहेरचे तीन स्रोत तिच्याबद्दल काय म्हणतात, तिचा एक दावा मुळापर्यंत नेल्यावर काय सापडलं, आणि तिने काय गाळलं. एका दाव्याला दीड ते दोन तास लागतात, म्हणून प्रकल्पामागे दोनच संकेतस्थळं, प्रत्येक बाजूचं एक. निकाल ‘विश्वासार्ह’ किंवा ‘अविश्वासार्ह’ असा एका शब्दात नको. ‘या दाव्यासाठी वापरण्याजोगं, त्या दाव्यासाठी नाही’ असा हवा.

एक शंका राहते. तपासणीच्या वेळी पान बदललेलं किंवा काढलेलं असतं, मग विद्यार्थ्याने काय पाहिलं ते कसं कळणार?

तळटीप

पान उघडल्या दिवशीच वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारी सेवा) ‘पान जतन करा’चा पर्याय वापरायला सांगा. तारीख-वेळेसह कायमचा पत्ता मिळतो, तोच संदर्भात द्यायचा. पीडीएफ असेल तर वेगळी उतरवून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, कारण पान जतन केलं तरी त्यातला दुवा जतन होतोच असं नाही. तिथेच त्या पानाच्या जुन्या आवृत्त्याही दिसतात. देणगीदारांची यादी आणि ठळक आकड्यांचं पान, ही दोन तरी पाच-सात वर्षं मागे जाऊन बघावीत. यादीतून नाव गेलं असेल किंवा आकडा गुपचूप बदलला असेल, तर दोन्ही तारखा नोंदीत लिहायच्या.